दोनदा हवालदार झालेला माणूस

पत्राचा सारांश:

पत्र लिहिणाऱ्या ताई 44 वर्षांच्या, शाळेत शिक्षिका. वडील सातारा जिल्ह्यातल्या एका गावचे. 1976 साली मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले, 17 वर्षांनी हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी माजी सैनिकांच्या राखीव जागेवर जिल्हा पोलीस दलात शिपाई म्हणून लागले. 2015 साली तिथूनही निवृत्त झाले, पुन्हा हवालदार म्हणूनच. गेल्या वर्षी आजारपणानं वारले. वर्षश्राद्ध दोन महिन्यांवर आलंय. धाकट्या भावानं गावात मोठा कार्यक्रम ठरवलाय: कमान, फ्लेक्स, स्मरणिका. मुख्य लेख ताईंनी लिहायचा. शीर्षकसुद्धा ठरलंय, ‘शूरवीर आणि कुटुंबवत्सल पिता’. वडील शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होते. तिथला पराक्रम रंगवून लिही, असा भावाचा आग्रह. वडील मात्र त्याविषयी घरात कधी बोलले नाहीत. आई म्हणते, “कमान नको नि काही नको, गावाला जेवण घाला.”

ताई लिहितात: “कुटुंबवत्सल या शब्दापाशी माझा हात थांबतो. मी जन्मले तेव्हा ते नव्हते. मला पहिल्यांदा उचललं तेव्हा मी 14 महिन्यांची होते आणि भोकाड पसरलं होतं म्हणे. पोलिसात आल्यावर दिवाळी बंदोबस्तात, गणपती बंदोबस्तात. रात्रपाळी करून दुपारी झोपायचे म्हणून आई कुकर लावायची नाही, शिट्टी होईल म्हणून. 2004 साली माझं लग्न लोकसभेच्या निवडणुकीत आलं. हळदीला नव्हते, अक्षता पडताना वर्दीतच पोचले. मी खोटं लिहू का? आणि खरं लिहिलं तर मेलेल्या बापाची बदनामी होईल ना?”

ता. क. “त्यांची काळी पत्र्याची ट्रंक उघडली. चार मेडलं, डिस्चार्ज बुक आणि आईनं त्यांना पाठवलेली इनलँड पत्रं. एका पत्रात माझ्या डाव्या पावलाचा बॉलपेननं काढलेला आकार आहे. मी तीन वर्षांची होते, कॅन्टीनमधून बूट घ्यायचे होते. ते आठ महिन्यांनी सुट्टीवर आले तेव्हा बूट मला लहान झाले होते.”

ताई,

तुमचं पत्र पाच पानांचं आहे. चार पानं भावाच्या कमानीवर खर्च झाली आहेत आणि ट्रंक आली आहे ती ता. क. मध्ये, साडेचार ओळीत. मी पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचायला सुरुवात केली ती ता. क. पासून.

आधी त्या शब्दाचं बघू. ‘कुटुंबवत्सल’ हा शब्द कुणी जिवंत माणसाबद्दल वापरलेला तुम्ही ऐकलाय का? “आमचे हे फार कुटुंबवत्सल हो,” असं कुठलीच बाई शेजारणीला सांगत नाही. हा शब्द निधनवार्तेतला आहे. मनमिळाऊ, शिस्तप्रिय, धार्मिक वृत्तीचे, ही त्याचीच भावंडं. माझा मामा राज्य राखीव पोलीस दलात होता. तो गेल्यावर निघालेल्या आठ पानी पुस्तिकेत ‘शिस्तप्रिय’ हा शब्द अकरा वेळा आला होता (मी मोजले, दुसरं काही वाचण्यासारखं नव्हतं). मामाला विहिरीत वाकून बघायची भीती वाटायची, घरी आला की तो पहिल्यांदा गोठ्यात जायचा आणि मग घरात, यातलं एक अक्षर त्यात नव्हतं. आज ती पुस्तिका कुणाच्या घरात आहे देव जाणे. मामा आठवतो तो त्या विहिरीमुळे.

तेव्हा पहिली गोष्ट अशी, की या शब्दाखाली सही करायची की तो खोडायचा, असा पेच तुमच्यासमोर नाहीच. तो शब्द लेखात कशाला हवा? कमानीवर असू द्या, कमानीवर तसेच शब्द असतात.

पण त्या शब्दाआड तुमचं एक गणित आहे, ते मला जरा तपासायचंय. तुम्ही वडिलांची हजेरी काढलीये. जन्माला गैरहजर, हळदीला गैरहजर, दिवाळीला गैरहजर, आणि हजेरीवरून प्रेमाचे मार्क दिलेत. शिक्षिका आहात, सवयच ती. आता इथे अनेक जण तुम्हाला सांगतील की अगं, ते बाहेर राहिले ते तुमच्यासाठीच, ती गैरहजेरी हेच त्यांचं प्रेम होतं. मी तसं सांगणार नाही. तीन वर्षांच्या पोरीला बाप हवा असतो तेव्हा तो हवाच असतो, मनिऑर्डरीनं ते भरून येत नाही. तुम्हाला जे कमी मिळालं ते कमीच मिळालं. मला विचारायचंय ते वेगळंच: हजेरीपटाशिवाय दुसरे कुठले कागद तुम्ही पाहिलेत का?

एक कागद तुम्ही स्वतःच लिहून पाठवलाय आणि त्यावरून नजर न थांबवता पुढे गेलात. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि पोलिसात शिपाई म्हणून लागले. हे वाक्य सावकाश वाचा. बाहीवर तीन फिती असलेला माणूस, ज्याच्या हाताखाली जवान होते, तो छत्तिशी-सदतिशीत पुन्हा वीस-बावीस वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभा राहतो. ज्यांनी कवायत कालपरवा शिकली त्यांच्या शेजारी दाहिने मूड, बाये मूड करतो. बाही कोरी. ठाण्यात गेल्यावर वयानं लहान असलेल्या हवालदाराला सलाम ठोकतो. आणि तिथून नाईक, मग हवालदार, अशी तीच पायरी दुसऱ्यांदा चढतो. लष्कराची पेन्शन हातात होती, गावात थोडीफार जमीन असेल, पारावर बसून “आम्ही पलटणीत असताना” सांगत राहता आलं असतं. तसे कितीतरी बसतात, त्यात वावगं काही नाही. ते बसले नाहीत. त्या वर्षी तुम्ही 13 वर्षांच्या होतात, भाऊ दहाचा. तो निर्णय कधी झाला, कुणाशी बोलून झाला, त्यांना शिपाई व्हायचा संकोच वाटला होता का, हे आईला ठाऊक असणार. विचारलंय कधी? लेखाचा एक मोठा परिच्छेद तिथं बसलाय.

आता श्रीलंका. भावाला पराक्रम हवाय, तुमच्याकडे गप्प बसलेला बाप आहे, आणि ‘गप्प होते म्हणजे सांगण्यासारखं काही नव्हतं’ असं तुम्ही धरून चालला आहात. जरा त्या काळाकडे बघा. 1987च्या जुलैत भारत-श्रीलंका करार झाला आणि आपलं सैन्य तिकडे शांतता राखायला म्हणून गेलं. ऑक्टोबरपासून ते लढत होतं, ज्या तमिळांच्या रक्षणाला आलो असं सांगितलं गेलं होतं त्यांच्यातल्याच बंदूकधाऱ्यांशी, म्हणजे ‘लिट्टे’शी. सुमारे 1200 जवान परत आले नाहीत. 1990च्या मार्चमध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली तेव्हा तिथले मुख्यमंत्री स्वागताला गेले नाहीत. 1971च्या जवानांसारख्या मिरवणुका यांच्या वाट्याला आल्या नाहीत. श्रीलंकेनं पुढे कोलंबोच्या शेजारी त्यांचं स्मारक बांधलं. दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक व्हायला 2019 साल उजाडलं. तिथल्या भिंतींवर नावं आहेत ती अर्थातच जे पडले त्यांची. परतून गावी आलेल्याचं नाव कुठं कोरतात?

अशा ठिकाणाहून आलेला माणूस घरात बोलला नाही, याची कारणं मला माहीत नाहीत आणि तुम्हालाही कळायची नाहीत. म्हणून तिथं काही भरू नका. पराक्रमही भरू नका आणि “ते आतून फार दुखावले होते” असलं काही स्वतःच्या मनानंही भरू नका. दोन्ही सारखंच खोटं. “बाबा श्रीलंकेत होते. ते त्याबद्दल कधी बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही.” इतकंच लिहा. गावातले जे मिलिट्रीतून आलेले आहेत त्यांना त्या दोन वाक्यांत पुरेसं कळेल.

मात्र कागदपत्रं जी सांगतात ती नीट वाचून घ्या. मेडलं हातात घेऊन कडा बघा. नंबर, हुद्दा, नाव तिथं कोरलेलं असतं. रिबनवर आडवी पट्टी असेल तर मोहिमेचं किंवा भागाचं नाव तिच्यावरच सापडेल. डिस्चार्ज बुकात भरतीची आणि निवृत्तीची तारीख आहे. काही अडलं तर त्यांच्या सर्व्हिस नंबरासह बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाका, किंवा साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, ते मार्ग सांगतील. पोलीस नोकरीचं सेवापुस्तक मिळालं तर त्यात बक्षिसांच्या नोंदी असतात, शिक्षेच्याही असतात. एखादी “कर्तव्यावर उशिरा हजर” सापडली तर दचकू नका. कुठल्या तारखेची आहे ते बघा. कदाचित त्या दिवशी घरात कुणी तापानं फणफणलेलं असेल.

(या कार्यालयात जाल तेव्हा एक काम आणखी करा, आणि माझ्या इतर वाचकांतही ज्यांचे वडील असे दोन नोकऱ्या केलेले असतील त्यांनी करा. आईला कुटुंब निवृत्तिवेतन कुठलं मिळतंय ते विचारा, लष्कराचं, पोलिसांचं की दोन्ही. पूर्वी दोहोंतलं एकच निवडावं लागायचं. लष्कराकडचा तो नियम 2012 साली बदललाय, पण ते घरापर्यंत पोचतंच असं नाही. कमानीच्या आधी हे.)

भावानं तुकाराम ओंबळेंचं उदाहरण दिलंय असं तुम्ही लिहिता, “तसं काहीतरी येऊ दे.” त्याला ते सुचणं साहजिक आहे. ओंबळे तुमच्याच जिल्ह्यातले, जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे. तेही आधी लष्करात, संदेशवहनाच्या सिग्नल दलात, नाईक म्हणून निवृत्त, आणि 1991 साली मुंबई पोलिसात. 26 नोव्हेंबर 2008च्या रात्री गिरगाव चौपाटीपाशी हातात लाठी असताना त्यांनी कसाबच्या रायफलीची नळी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि सोडली नाही. अशोक चक्र मिळालं. 2021 साली कोळ्याच्या एका नव्या प्रजातीला शास्त्रज्ञांनी त्यांचं नाव दिलं. हे सगळं जगाला ठाऊक आहे.

पण भावाला एक विचारा. 1991 ते 2008, ही 17 वर्षं ओंबळे काय करत होते? पाळ्या करत होते. बंदोबस्त, नाकाबंदी, गणपती, निवडणुका. घरी बायको आणि चार मुली. त्या रात्री कसाबची गाडी दुसऱ्या रस्त्यानं गेली असती तर तेही 58व्या वर्षी नारळ आणि शाल घेऊन निवृत्त झाले असते आणि त्यांच्या मुलींनाही तुमच्यासारखंच स्मरणिकेचं कोडं पडलं असतं. तुमच्या वडिलांच्या वाट्याला तशी रात्र आली नाही. बरं झालं की नाही? ते 67 वर्षं जगले, अंथरुणात वारले, लेकीच्या हातचं पाणी पिऊन. ज्याला ओंबळेंचा मान राखायचाय त्यानं त्यांचा प्रसंग उचलून आपल्या बापाच्या नावावर घालू नये. हे भावाला माझ्या नावानं सांगितलंत तरी चालेल.

त्याच ओघात फ्लेक्सबद्दल. ‘शहीद’ हा शब्द टाकू देऊ नका. ते निवृत्त होऊन घरी वारले, त्यांना ‘कै.’ पुरतं, आणि पुढे ‘माजी सैनिक, निवृत्त पोलीस हवालदार’. गावात शहिदाची खरी आई-बायको असेल तर तिला तो फ्लेक्स बघत रोज एसटीला जायचंय. तिरंगा छापून त्यावर नाव घालायची कल्पना असेल तर तीही रद्द, ध्वजसंहितेत राष्ट्रध्वजावर अक्षरं लिहायला मनाई आहे.

भावाविषयी थोडं माझं मत. तुम्ही त्याला दिखाऊ म्हणता. असेलही. पण तुमच्या पत्रात एक ओळ आहे, की वडील श्रीलंकेत गेले तेव्हा तो तीन वर्षांचा होता. म्हणजे बाप त्याच्याही वाट्याला तुमच्याइतकाच कमी आलाय, कदाचित जास्त कमी, कारण मुलीनं पत्रात पाऊल तरी पाठवलं होतं. शाळेत पोरं विचारत असतील, तुझ्या वडिलांनी किती मारले? तो त्याचं उत्तर अजून शोधतोय. त्याच्याशी कमानीवरून भांडू नका. त्याला ट्रंक दाखवा. तुम्ही एकटीनंच उघडलीत ना? पत्रावरून तसं वाटतंय. मग त्याला काम द्या: पत्रं तारखेनं लावायची, फोनवर प्रत्येकाचा फोटो काढून ठेवायचा (इनलँडचा निळा कागद घडीवर फाटतो, चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडून अक्षरं घेऊन जाते), आणि पलटणीतले, ठाण्यातले जुने सोबती शोधून त्यांना भेटायचं. हे काम त्याला आवडेल. गाडी आहे, माणसांत मिसळतो, असं तुम्हीच म्हणता.

सोबत्यांना मात्र “बाबा कसे होते?” असं विचारायचं नाही. या प्रश्नाला माणूस उभं राहून भाषण देतो. विचारायचं, डब्यात काय आणायचे? रात्रपाळीत जागं राहायला काय करायचे? घरून पत्र आलं की लगेच फोडायचे की ठेवून द्यायचे? आरोपीला एकेरी बोलवायचे की अहो-जाहो? गणपतीच्या विसर्जनानंतर बूट काढल्यावर पाय कसे व्हायचे? असं विचारलं की चहा गार होईपर्यंत लोक सांगत राहतात. आणि श्रीलंकेचं त्यांनी आपणहून काढलं तर ऐकायचं, खोदायचं नाही. त्यांनाही घरी जाऊन झोपायचंय.

राहिली आई, जी तुमच्या पत्रात, ता. क. सोडला तर, फक्त दोनदा आली आहे, एकदा कुकर न लावणारी आणि एकदा जेवण घाला म्हणणारी. आणि खरं सांगू, तुमचा सगळा हिशेब इथंच चुकलाय असं मला वाटतं. हे कुटुंब 17 वर्षं ‘मार्फत 56 एपीओ’ या लष्करी टपालाच्या पत्त्यावर आणि पुढे 21 वर्षं पोलीस लाईनीतल्या दोन खोल्यांत चाललं, ते चालवलं कुणी? तुमच्या पावलाभोवती बॉलपेन फिरवलं कुणी? तीन वर्षांचं पोर पाय हलवत असणार, गुदगुल्या होत असणार, एका हातानं घोटा धरून दुसऱ्या हातानं तिनं ती रेघ काढली. इनलँडच्या कागदाला जागा केवढी असते! पाऊल काढल्यावर मजकुराला कडेची चार बोटं उरली असतील. त्यात तिनं काय लिहिलंय ते तुम्ही मला कळवलेलं नाही. वडिलांवरचा लेख तिला वगळून झाला तर तो एका पायावर उभा राहील. तिच्याजवळ बसा, फोन रेकॉर्डिंगला लावून उशीपाशी ठेवा आणि एकेक पत्र तिला वाचून दाखवा. थकेल तिथं थांबा. वडिलांची उत्तरं तिनं ठेवली असतील तर तीही निघतील. त्यात “मी इकडे खुशाल आहे, तुमची खुशाली कळावी” याच्यापुढे फारसं काही नसेल, कुठे आहोत हे लिहायची परवानगीच नसायची. तुम्ही वाचताना ते काय सांगतात ते सोडा, काय विचारतात ते बघा. म्हैस व्याली का, पाऊस झाला का, थोरलीचा खोकला गेला का. त्या प्रश्नांची नुसती यादी छापलीत तरी स्मरणिकेचं एक पान होईल.

आणि तिला गावजेवण हवंय ना, ते पहिलं ठरवा. कमान त्यातून उरलेल्या पैशांत.

बदनामीचं म्हणाल तर कुकर, हळद, 14व्या महिन्यातलं भोकाड, यातलं काहीही लिहिण्यानं कुणाची बदनामी होत नाही. तुमच्या जिल्ह्यात दर चार घरांनंतर एक बाई हे वाचून म्हणेल, आमच्याकडेही अस्संच. फक्त मनात अजून राग असेल तर तो लेखात ‘क्षमा केली’ म्हणून मिटवू नका. जाहीरपणे मिटवायचं बंधन नाही तुमच्यावर. तसाच राहू द्या, एक कागद घेऊन वेगळा लिहा आणि ट्रंकेत ठेवा, तिथं पत्रं जपून राहतात.

सुरुवात कुठून करायची, तर त्या पावलापासून. आणि लिहिताना शेवटचं वाक्य गाळू नका, मोह होईल. “बाबांनी माझ्या पावलाच्या मापाचे बूट आणले” असं लिहून थांबलात तर भावाला आवडेल, कमानीखाली शोभेलही. पण ते आठ महिन्यांनी आले आणि बूट लहान झाले होते, हेही लिहायचं. तुम्ही ते पत्रात लिहिलंच आहे, मी फक्त म्हणतेय की ता. क. मधून उचलून वर घ्या.

त्याआधी आईला एक विचारून ठेवा. ते बूट मग कुणी घातले?